जँगोच्या यूआरएल पाथमध्ये देवनागरी गावनावे: कन्व्हर्टर कसा लिहावा?

नमस्कार. गोव्यातील जत्रा आणि त्यानिमित्ताने होणारी मराठी नाटके यांची गावनिहाय सूची आम्ही फोंड्यातील काही नाट्यप्रेमी जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये तयार करत आहोत. पानांचे पत्ते ‘/जत्रा/पैंगीण/’ असे देवनागरीतच असावेत असा आमचा आग्रह आहे. पोर्तुगीज वळणाचे रोमन स्पेलिंग वाचून परगावचा माणूस या गावाला ‘पोइंगिनिम’ म्हणेल, आणि निदान मराठी सूचीत तरी तसे होऊ नये.

पत्ता वाचून घेण्यात अडचण नाही. ब्राउझर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ च्या ३ बाइटांत, टक्क्याची खूण लावून पाठवतो आणि ते सारे रूट (पत्त्याचा ठरवलेला नमुना) जुळवण्याआधीच उलगडले जाते, त्यामुळे ‘एसटीआर’ कन्व्हर्टर (पत्त्याचा एखादा भाग नमुन्याशी जुळवून पुढे देणारा घटक) वापरला की व्ह्यूला (पान तयार करणाऱ्या कोडला) ‘पैंगीण’ अखंड मिळते. ‘स्लग’ कन्व्हर्टर मात्र रोमन अक्षरे, इंग्रजी अंक, जोडरेघ आणि अंडरस्कोर एवढेच मानतो, म्हणून तिथे थेट ४०४ (पान सापडले नाही) येतो.

खरे दुखणे स्लग, म्हणजे पत्त्यात वापरायचे नावाचे रूप, तयार करताना सुरू होते. जँगोच्या ‘स्लगिफाय’ फंक्शनला ‘अलाऊ युनिकोड’ ट्रू दिले तरी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पायमोडीची खूण (हलन्त) गळून जाते, कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर जुळवण्याच्या नमुन्यात, थोडक्यात रेजेक्समध्ये) ही चिन्हे शब्दाचा भाग मानली जात नाहीत. मडगावचे ‘मडगव’ होते, काणकोणचे ‘कणकण’. डिचोली तालुक्यातील पाळी आणि तिसवाडीतील पाळे या दोन्ही गावांचा स्लग ‘पळ’ असाच निघतो आणि युनिकचे (एकच स्लग दोनदा नसावा असे) बंधन असल्यामुळे दुसरे गाव डेटाबेसमध्ये जातच नाही. हाताने बरोबर स्लग भरावा, तर ‘स्लगफील्ड’चा युनिकोड व्हॅलिडेटरही याच कारणाने तो नाकारतो. मराठीत काना-मात्रा म्हणजे अक्षराची सजावट नव्हे, तिच्यावाचून गावच बदलते. म्हणून ‘आयडी वापरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला मला पटत नाही.

त्यामुळे स्लग ‘कॅरफील्ड’ या साध्या मजकुराच्या फील्डमध्ये ठेवून मी स्वतःचा कन्व्हर्टर लिहायला घेतला आहे. त्याच्या रेजेक्समध्ये युनिकोडचा १२८ स्थानांचा देवनागरी विभाग आणि जोडरेघ घेतली आहे. या विभागात दंड आणि देवनागरी अंकही येतात; त्यांपैकी दंड वगळला आहे. जँगो वरून खाली पाहत पहिला जुळणारा पॅटर्न घेतो, म्हणून ‘/जत्रा/शोध/’ हा रूट गावाच्या रूटच्या वर ठेवला आहे.

आता अडले आहे ते ‘/जत्रा/पैंगीण/दुसऱ्या-दिवसाचे-नाटक/’ अशा पत्त्यांवर. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही कीबोर्ड नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहितात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण हा जॉइनर देवनागरी विभागाबाहेरचा असल्याने दुसऱ्या प्रकारे लिहिलेला पत्ता माझ्या रेजेक्सला जुळत नाही, आणि एनएफसी किंवा एनएफकेसी या युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही (प्रमाणीकरणानेही) ही दोन रूपे एक होत नाहीत.

रेजेक्समध्ये जॉइनर घेऊन कन्व्हर्टरच्या ‘टू पायथन’ मेथडमध्येच दुसऱ्या रूपाचे पहिले रूप करावे, तर एकच पान दोन पत्त्यांवर उघडत राहील. व्ह्यूमध्ये तपासून प्रमाण पत्त्यावर ३०१ (कायमचे) रीडायरेक्ट करावे, तर कन्व्हर्टरने मूळ रूप जसेच्या तसे पुढे द्यायला हवे आणि मग प्रत्येक व्ह्यूत तीच तपासणी लिहावी लागेल. तिसरा मार्ग मिडलवेअरचा (प्रत्येक विनंती व्ह्यूकडे जाण्याआधी हाताळणाऱ्या कोडचा): रूट जुळण्यापूर्वीच पाथ प्रमाण रूपात आणून, तो बदलला असेल तरच रीडायरेक्ट करायचे. माझा कल या तिसऱ्या मार्गाकडे आहे. परंतु ‘अपेंड स्लॅश’ ही शेवटचा स्लॅश जोडून रीडायरेक्ट करणारी सेटिंग चालू असताना शेवटचा स्लॅश नसलेल्या पत्त्यावर दोनदा रीडायरेक्ट होऊ नये यासाठी हे मिडलवेअर ते काम करणाऱ्या ‘कॉमन मिडलवेअर’च्या आधी ठेवून त्यातच स्लॅशही जोडावा का? मराठी किंवा हिंदी पत्त्यांचे संकेतस्थळ ज्यांनी प्रत्यक्ष चालवले आहे, त्यांनी आपली रचना कृपया सांगावी. जँगो आम्ही ५.२ आवृत्तीचे वापरत आहोत.