सोसायटी ग्रुप : ऑस्ट्रियाला जायचंय, मुक्काम कुठे आणि किती?

बी-४०३ : नमस्कार मंडळी. गणपती उरकले की आम्ही चौघं आणि आई-बाबा युरोपला जायचं म्हणतोय. एका टूरवाल्याचं पत्रक आलंय, अकरा दिवसांत सात देश. ऑस्ट्रियाला त्यात दीड दिवस, आणि आईला हौस नेमकी ऑस्ट्रियाचीच आहे. २०२च्या काकू, तुम्ही लेकीकडे राहून आलात ना? दीड दिवसात काय बघून होईल?

ए-२०२ : फार काही हाती लागणार नाही, आधीच सांगते. व्हिएन्नातला एक शोनब्रुन राजवाडाच घ्या. १४४१ खोल्या, त्यातल्या चाळीसेक बघायला मिळतात. त्याच्याच आवारात १७५२ सालापासून चालू असलेलं प्राणिसंग्रहालय आहे, आज चालू असलेल्यांत जगातलं सगळ्यात जुनं. मुलं बरोबर असली की तिथेच दिवस मावळतो. माझं ऐकाल तर सात देश सोडा, एकटा ऑस्ट्रिया करा आणि तीनच ठिकाणी मुक्काम टाका. व्हिएन्ना, मग तळ्याकाठचं हालश्टाट, मग टिरोल या डोंगराळ प्रांतातलं एखादं खेडं.

सी-५०५ : काकू, माझं जरा वेगळं मत आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना घेऊन सामान ओढत गाड्या बदलणं खायचं काम नाही. टूरमध्ये बॅग खोलीपर्यंत येते, वरण-भात मिळतो, काही दुखलंखुपलं तर सोबत माणूस असतो. आमच्या आईला याच गोष्टींचा आधार वाटला.

ए-२०२ : ५०५, सोबतीचं म्हणणं अगदी खरं. पण टूरमध्ये रोज पहाटे बॅग भरून दाराबाहेर ठेवायची असते, म्हातारी माणसं त्यानेच थकतात. तीन मुक्काम केले तर बॅग तीनदाच उघडायची. आणि व्हिएन्नात बसायला जागा काय कमी आहेत? तिथली कॉफी हाऊस म्हणजे बसण्याचीच ठिकाणं. मेलांज, म्हणजे दुधाची कॉफी, मागवली की चांदीसारख्या छोट्या ट्रेमध्ये कप येतो, शेजारी पाण्याचा ग्लास आणि ग्लासावर आडवा ठेवलेला चमचा. लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रं असतात. एका कॉफीवर तासन् तास बसा, कुणी उठवत नाही, बिलसुद्धा तुम्ही मागितल्याशिवाय येत नाही. काफे सेंट्रल १८७६ चं आहे, सुंदर आहे, पण बाहेर रांग लागते. आई-बाबांना घेऊन गल्लीतल्या एखाद्या साध्या कॉफी हाऊसमध्ये जा.

ए-१०४ : काकू, खाण्याचं काय? आम्ही शुद्ध शाकाहारी. अंडंही नको.

ए-२०२ : अंडं चालत असेल तर चंगळ आहे. केझेश्पेट्झले म्हणजे चीजमध्ये घोळलेल्या छोट्या शेवया, वर तळलेला कांदा. कैझरश्मार्न हा फाडलेल्या जाड पॅनकेकचा गोड पदार्थ, सोबत आलुबुखारची चटणीवजा आमटी. या दोन्हीत अंडं असतंच. सूपबद्दल मात्र नीट विचारून घ्या, भाज्यांचं दिसलं तरी पाणी बऱ्याचदा गोमांसाचं असतं. अंडं नकोच असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, दही, दूध, पाव, भाज्या सगळं दुकानात मिळतं. फक्त रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळीच सामान भरायचं, नाहीतर मोठ्या स्टेशनातलं दुकान शोधत जावं लागतं. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. १८७३ सालापासून.

सी-७०१ : नमस्कार. कर्जत-लोणावळा घाटात मागे बँकर, म्हणजे रेटणारी जादा इंजिनं, लावून गाड्या चढवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. व्हिएन्नाहून ग्राझच्या गाडीत बसा आणि सेमरिंग घाट बघा. ग्लॉग्निट्झ ते म्युर्त्सत्सुश्लाग ४१ किलोमीटर, १८४८ ते १८५४ मध्ये बांधला. कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने आखणी केली तेव्हा एवढा चढ चढणारं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. मार्ग आधी आखला, काम सुरू केलं, आणि १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा लावली! सुरुंगाला डायनामाइट नव्हतं, बंदुकीच्या साध्या दारूवर बोगदे फोडले. काल्टे रिनेचा दुमजली कमानींचा पूल ४६ मीटर उंच आहे आणि गाड्या आजही त्यावरूनच जातात. ऑस्ट्रियाच्या जुन्या २० शिलिंगच्या नोटेवर गेगांचं चित्र होतं. रेल्वेच्या माणसाला देशाने नोटेवर जागा दिली याचं मला फार वाटतं. डोंगराच्या पोटातून २७ किलोमीटरचा नवा बोगदा होतोय. तो झाला की वेगाच्या गाड्या खालून जातील, तेव्हा आत्ताच बघून घ्या.

बी-४०३ : काका, हे बाबांना दाखवतो, ते याच गाडीसाठी हट्ट धरतील. काकू, हालश्टाट पत्रकातही आहे, दोन तास.

ए-२०२ : त्या दोन तासांत तुमच्यासारख्याच हजारोंच्या पाठी दिसतील. आठशेच्या आत वस्तीचं गाव ते, सगळ्या बसगाड्या दुपारी तिथेच. तुम्ही रेल्वेने जा. स्टेशन तळ्याच्या अलीकडे आहे आणि गाव पलीकडे, गाडीच्या वेळेला होडी उभी असते. उशिराच्या गाडीला होडी नसते, तेवढं वेळापत्रक बघून ठेवा. रात्री राहिलात की गाव तुमचं. सकाळी लवकर चर्चमागच्या अस्थिघरात जा. कबरस्तान एवढंसं, म्हणून काही वर्षांनी कबर उघडून हाडं काढत, कवट्या उन्हात पांढऱ्या करून कपाळावर नाव, साल, फुलांच्या माळा रंगवत. अशा सहाशेच्या वर रंगवलेल्या कवट्या ओळीने ठेवल्यात. शेवटची १९९५ मध्ये ठेवली. मला वाटलं होतं भीती वाटेल. तसं काही झालं नाही, घरच्यांनी आपलं माणूस जवळ ठेवलंय असंच वाटलं. पायऱ्या आहेत, आईंच्या गुडघ्यांचा अंदाज घ्या.

बी-६०२ : दादा, मुलांना ऑपेरा नक्की दाखवा. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभ्याची तिकिटं वीस युरोंच्या आत मिळतात. आत गेलं की समोरच्या कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा, ती जागा आपली, मग खुशाल बाहेर फिरून या. १९४५ मध्ये बॉम्बने जळाली होती ती इमारत, १९५५ मध्ये पुन्हा उघडली. आजी-आजोबांना मात्र बसायची तिकिटं काढा.

सी-५०५ : मुलं नववी-दहावीची असतील तर लिंत्सजवळचं माउथहाउझेनही दाखवा. नात्सींची छळछावणी. सुमारे १,९०,००० माणसं तिथे आणि तिच्या उपछावण्यांत डांबली, त्यातली निदान ९०,००० मारली गेली. खाणीच्या १८६ पायऱ्या कैदी पाठीवर दगड घेऊन चढत. खाण व्हिएन्ना शहराची, तिथल्या दगडांनी पूर्वी व्हिएन्नाचे रस्ते फरसबंद झाले. आमच्या टूरमध्ये हे नव्हतं, आम्ही एक दिवस मागे राहून मुद्दाम गेलो. राजवाडे बघणाऱ्याने हेही बघावं असं मला मनापासून वाटतं.

ए-२०२ : ५०५, बरं झालं सांगितलंत. आणि ४०३, सप्टेंबरच्या शेवटी जाताय तर टिरोलच्या त्सिलरताल खोऱ्यातल्या मायरहोफेनकडे तिसरा मुक्काम ठेवाच. येनबाखहून अरुंद रुळांची छोटी गाडी थेट जाते. उन्हाळाभर डोंगरावर चरायला गेलेल्या गाई त्या दिवसांत गावात उतरतात. आपल्या पोळ्यासारखाच थाट! कपाळावर फुलांचे, सूचिपर्णी डहाळ्यांचे मुकुट, त्यात आरसे आणि रिबिनी, गळ्यात कळशीएवढ्या घंटा. पण त्या उन्हाळ्यात डोंगरावर एखादं जनावर दगावलं असेल तर त्या कळपाला सजवत नाहीत, गाई तशाच उतरवतात. आम्ही उभे होतो तिथून एक कळप असाच बिनफुलांचा गेला. शेजारच्या बाईंनी कारण सांगितलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. गावागावाची तारीख वेगळी असते, ती आधी बघा आणि मुक्काम त्यावर ठरवा.

बी-४०३ : ठरलं काकू. पत्रक परत करतो. व्हिसाचं कुठून सुरू करू?

ए-२०२ : सगळ्या रात्री ऑस्ट्रियातच, त्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाचाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आई-बाबांचा जरा मोठाच काढा. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंट घ्या, पुढे गर्दी वाढते. उद्या सहानंतर वर या, गाड्यांची वेळापत्रकं एकत्र बसून बघू.