गडावर मुक्काम आणि पाळी
गडावर मुक्काम असेल तर मेन्स्ट्रुअल कप (पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवतात तो छोटा कप) धुवायचा कुठे, असा प्रश्न पडतो ना, तर शक्यतो तिथे धुवायची वेळच येऊ द्यायची नाही :) कप १२ तासांपर्यंत चालतो, त्यामुळे पायथ्याच्या गावात चहा-पोहे घेतो तिथेच रिकामा करून निघायचं ते थेट संध्याकाळी. हरिश्चंद्रगडला मी अर्ध्या लिटरची एक बाटली फक्त याच कामासाठी वेगळी नेली होती, आडोशाला वीतभर खड्डा केला, आधी हात साबणाने धुतले, कप त्यात रिकामा करून बाटलीतल्या पाण्याने विसळला, परत बसवला, वर माती लोटली, झालं. टाक्याजवळ मात्र हे करू नका प्लीज, तेच पाणी सगळे पितात. आणि कप पहिल्यांदाच वापरणार असाल तर ट्रेकवर नको, घरी दोन-तीन महिने सवय करा, मी पहिल्यांदा ट्रेकवरच वापरायचा शहाणपणा केला होता आणि उतरताना रडकुंडीला आले होते!! पॅड वापरत असाल तर पुरू नका, शेकोटीतही नको, प्लास्टिक असतं त्यात, कागदात गुंडाळून झिपलॉकमध्ये आणि घरी परत. वेट वाइप्सचंही तेच. पावसाळ्यात सुकी कॉटनची चड्डी जास्तीची ठेवाच, ओलीने जांघा सोलवटतात.