स्पॅनिशचा क्लास काढायचाय: बॅच आणि फी कशी ठरवावी?

प्रश्न: माझं बी२ (स्पॅनिशची मध्यम-वरची पातळी) झालंय. नवशिक्यांसाठी ऑनलाइन क्लास सुरू करायचाय. बॅच केवढी ठेवू?

उत्तर १: ६ जण, फार तर ८. दीड तासात प्रत्येकाला सात-आठ मिनिटं तरी बोलायला मिळालीच पाहिजेत. गर्दी झाली की लाजरे गप्प बसतात, मग सोडून जातात. ए१ला, म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलला, साधारण ६० तास धरा. फी महिन्याची नको. पूर्ण लेव्हलची, दोन हप्त्यांत, पहिला आगाऊ.

उत्तर २: खरी गळती ए२मध्ये, म्हणजे दुसऱ्या लेव्हलला, भूतकाळाची दोन्ही रूपं एकदम शिकवली की. आधी एक पक्कं करून घ्या, मग दुसरं.

उत्तर ३: परीक्षा द्यायचीय का, हे प्रवेशावेळीच विचारा. डेले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेच्या तारखा ठरलेल्या असतात, पण प्रमाणपत्र कायमचं. सिएले या दुसऱ्या परीक्षेचं ५ वर्षंच चालतं.