नीरा उजवा कालवा: जुन्या ब्लॉक मंजुरीचा आज उपयोग काय?

प्रश्न (माळशिरस): १९५० च्या दशकातला ब्लॉक मंजुरीचा (ठरावीक क्षेत्राला काही वर्षं कालव्याचं पाणी देण्याचा) कागद आहे. त्यावर सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, ऊस आणि सहा वर्षांची मुदत. मंजुरी आजोबांच्या नावे, त्यांनी जमीन कुळाला दिलेली. पाणी नेमकं कुणाचं? आणि आज त्यावर हक्क सांगता येतो का?

उत्तर १: तेव्हा मुंबई पाटबंधारे कायदा, म्हणजे १८७९ चा ७ वा कायदा लागू होता. त्यात पाण्याचा करार जमिनीला चिकटलेला. जमीन विकली की करारही नव्या मालकाकडे गेला असंच धरायचे. पाण्याचा हक्क वेगळा काढून विकायला किंवा पोटभाड्याने द्यायला मात्र कालवा अधिकाऱ्याची परवानगी लागे. याला एक सूट होती: आपल्याच जमिनीवरच्या कुळाला मालक पाणी देऊ शकत असे. त्यामुळे मंजुरी आजोबांची आणि भिजवणारं कूळ, यात बेकायदा काही नाही.

उत्तर २: ब्लॉक का आले तेही सांगतो. नीरेवर ऊस वाढला तसं पाणी अति होऊन जमिनी चिबडू (पाणथळ, खारवट होऊ) लागल्या. अभियंते विश्वेश्वरय्यांनी सुचवलेल्या पद्धतीत ठरावीक क्षेत्राला काही वर्षं पाण्याची हमी, पण ऊस त्यातल्या काही भागातच, बाकी हंगामी पिकं. म्हणजे हा ठरावीक मुदतीचा करार. मुदत संपली, नूतनीकरण नाही, तर त्या कागदावर आज पाणी मिळत नाही. १८७९ चा कायदाही महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ ने रद्द केला.

तरी कागद फेकू नका. जमीन लाभक्षेत्रात (कालव्याचं पाणी मिळणाऱ्या क्षेत्रात) होती, याचा तो चांगला पुरावा आहे. अडचण सर्व्हे नंबरची येते. जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात नंबर बदलून गट झाले, आणि जुना नंबर टाकून केलेला अर्ज परत येतो. आधी भूमी अभिलेखमधून एकत्रीकरणाचा ९(३)-९(४) उतारा काढा, जुना सर्व्हे कोणत्या गटात गेला ते जुळवा, मग सातबारा जोडा.

उत्तर ३: प्रत्यक्ष पाण्यासाठी नमुना नं. ७ (पाणी मागणीचा अर्ज) भरा, हंगामाचं जाहीर प्रगटन निघालं की मुदतीतच. खरीप १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. मागची पाणीपट्टी थकलेली असेल तर मंजुरी अडते, म्हणून थकबाकीचा आकडा पाटबंधारे शाखेतून आधीच काढून घ्या. मंजुरीविना भिजवलं तर पंचनामा होऊन जादा दराने आकारणी होते.

तुमच्या चारीवर (कालव्याच्या छोट्या फाट्यावर) २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखालची पाणीवापर संस्था असेल, तर अर्ज संस्थेकडे. तिथे शेजपाळीत (पाणी देण्याच्या क्रमाच्या यादीत) तुमचा गट आहे का ते पाहून या. यादीत गट सुटला असला, तर पाळी चालू झाल्यावर पाटकरी (पाणी सोडणारा कर्मचारी) दार उघडणार नाही.