मुळाणबारीपर्यंत सायकल, पुढे पायी. मार्कंड्या गडावर गाडीरस्ता नको!

घाटवाट

मागच्या रविवारी पहाटे पाचला आम्ही चौघांनी पंचवटीतून सायकली काढल्या. दिंडोरी, वणी, बाबापूर करत मुळाणबारीच्या खिंडीत पोचलो. वणीपर्यंत द्राक्षबागांमधला रस्ता, फारसा त्रास नाही. बाबापूर सुटलं की खरा चढ लागतो. शेवटी सगळ्यात हलका गिअर टाकला तरी मांड्या पेटतात. बारीत पाय टेकले की डावीकडे मार्कंड्या, उजवीकडे रवळ्या-जावळ्या ही गडांची जोडी, आणि समोर कळवणचा सगळा मुलूख.

बारीत उभं राहून एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. आपल्या पाठीमागे पडलेला पाऊस कादवेतून गोदावरीला जातो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. समोर पडलेला गिरणेतून तापीला आणि सुरतेकडे. सातमाळा ही डोंगररांग म्हणजे या दोन पाण्यांमधला बांध आहे, आणि बाऱ्या म्हणजे त्या बांधातल्या फटी. अहिवंतापासून चांदवडपर्यंत गडांची रांग उभी राहिली ती या फटींवर नजर ठेवायला. सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांची मुघल सरदार दाऊदखानाशी गाठ पडली, ऑक्टोबर १६७० मध्ये, तीही इथून पूर्वेला कांचनबारीच्या परिसरात. म्हणून माझं म्हणणं, बारी स्वतःच्या दमाने चढल्याशिवाय गड तिथे का आहे हे कळत नाही. गाडीतून ती दहा मिनिटांत संपते.

सायकली बारीत साखळीने बांधल्या आणि गडावर पायी गेलो. उतरताना एक कुटुंब भेटलं. ते म्हणाले, “सप्तशृंगीला जाते तशी इथेही गाडी वर जायला पाहिजे.” तेव्हापासून डोक्यात तेच आहे. माझं मत स्पष्ट आहे: डांबर बारीत संपावं. तुम्हाला काय वाटतं?

बाबापूरचा

दादा, तुमचं वर्णन वाचून बरं वाटलं, पण मत पटलं नाही.

मार्कंड्या तुमच्यासाठी किल्ला आहे, आमच्यासाठी मार्कंडेय ऋषींचं ठाणं आहे. ऋषी इथून समोरच्या सप्तशृंगी देवीला पुराण ऐकवायचे आणि ती मान कलती करून ऐकायची, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. सोमवती अमावस्येला इथे यात्रा असते, बाया-माणसं पहाटेपासून चढतात. माझी आई सत्तरीची आहे. गेल्या खेपेला ती गडाच्या पदरातल्या, म्हणजे कड्याखालच्या उतारावरच्या झाडीपर्यंत आली आणि दगडावर बसली. “तुम्ही जा, मी इथूनच हात जोडते,” म्हणाली. मी वरच्या टाक्यातलं पाणी बाटलीत आणलं, ते तिने डोळ्यांना लावलं. सप्तशृंगीला आता ट्रॉली आहे, म्हातारी माणसं पायऱ्या न चढता दर्शन घेतात. मग मार्कंड्यानेच काय केलंय?

आणि ज्या डांबरावरून तुमची सायकल बारीत चढली, ते डांबर सायकलीसाठी पडलेलं नाही. कांदा, टोमॅटो, बाळंतपणाची बाई, शाळेची पोरं, यांच्यासाठी पडलं. महाराजांच्या काळातही बारीतून घोडे आणि बैल जातच होते. बारी रहदारीचीच जागा आहे.

जुना_ट्रेकर_नाशिकरोड

माझा आक्षेप दुसराच आहे. आज सायकली बारीत बांधल्या म्हणता, चांगलं केलंत. पण जाड टायरच्या सायकली घेऊन थेट पायवाटेने उतरणारी मंडळी मी गेली काही वर्षं बघतोय. माणूस उतरताना पाऊल टेकवतो आणि उचलतो. सायकलवाला उतारावर मागचा ब्रेक दाबतो, चाक घसटत जातं आणि मातीत एकसलग चर पडतो. सुरुवातीला तो दोन बोटं खोल असतो. मृगाच्या सरींनी त्यातून पाणी धावायला लागलं की दिवाळीपर्यंत वीतभर होतो आणि करवंदीची मुळं उघडी पडतात. मग लोक शेजारून चालतात, तिथे दुसरी वाट पडते.

त्यामुळे धाग्याचं नाव चांगलं असलं तरी “सायकल” हा शब्द वाचून कोण काय अर्थ घेईल याची मला धास्ती वाटते. सायकल डांबर सोडून एक फूटही पुढे नको, हे ठळक लिहा.

कंदीलपुष्प

बाबापूरच्या दादांच्या आईबद्दल वाचून गलबललं. तरीही रस्त्याला माझा विरोध आहे.

त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी गडाचं पठार डोळ्यांसमोर आणा. तिथे कंदीलपुष्पाची एक जात आहे, जिचं शास्त्रीय नावच अंजनेरीवरून पडलंय. पावसाळ्यात गवतातून वीत-दीड वीत वर येते, फूल नसेल तर गवतात ओळखूही येत नाही. जमिनीखाली छोटा कंद. एका गाडीने वळायला म्हणून चाक गवतावर घेतलं तरी तो कंद गेला. तिथल्या कड्यांमध्ये गिधाडं घरटी करतात. असं सगळं आहे म्हणून तर ते संवर्धन राखीव क्षेत्र झालं.

मार्कंड्याच्या पदरात रस्ता काढायचा म्हणजे उतार कापावा लागणार. उतार कापला की मुरूम उघडा पडतो, पावसात तो सुटतो आणि खालच्या ओहोळात, विहिरीत आणि शेतात येतो. दादा, ते शेत बाबापूरचंच असेल.

सायकलवाली_इंदिरानगर

गडावर रस्ता नको, याला माझा पाठिंबा. पण घाटवाट, तुम्ही पहाटे पाचला निघालात त्याचं काय? दिंडोरी रस्त्यावर अंधारात मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. मी स्वतः एकदा ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबलेय. त्या रात्री झोप लागली नाही. नवख्यांनी उजाडल्यावरच निघावं, किंवा सायकल गाडीवर टाकून वणीपर्यंत यावं आणि तिथून चढावं. त्यात कमीपणा नाही.

बारी उतरतानाही सांभाळा. ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापते आणि पकड जाते. वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सैल सोडायचे. वळणांवर खडी सांडलेली असते, ती शेवटच्या क्षणी दिसते. हे कुणी सांगत नाही, सगळे फक्त चढाचं कौतुक करतात.

घाटवाट

वेळेबद्दल ताईंचं म्हणणं मान्य, माझी चूक झाली. सायकल डांबराबाहेर नको हेही मान्य, धागा त्यासाठीच काढला होता.

@बाबापूरचा, तुमच्या आईंचा प्रसंग मी दोनदा वाचला. त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण सप्तशृंगीचा दाखला पटत नाही. तिथे वर्षभर भाविक असतात, वस्ती आहे. मार्कंड्यावर रस्ता झाला तर सोमवतीला आई जातील आणि बाकी सगळ्या रविवारी शहरातल्या गाड्या जातील. हरिहर गडाच्या त्या खड्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी काय होतं ते बघा, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच खोबणीला हात घालतात. तिथे तर गाडीही वर जात नाही. वणीच्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा जो मयूरखंडी गड आलाय तो मार्कंड्याच, असं अनेक अभ्यासक मानतात. बाराशे वर्षं लोक तिथे पायी गेले.

बाबापूरचा

बाराशे वर्षं लोक पायी गेले कारण दुसरा उपाय नव्हता.

तरी विहिरीत मुरूम येतो हे खरं आहे. आमच्याकडे बंधाऱ्याच्या कामाला उतार कापला तेव्हा दोन पावसाळे पाणी लाल होतं. म्हणून गाडीरस्त्याचा हट्ट मी सोडतो. पण निसटणाऱ्या टप्प्यावर दगडी पायऱ्या, धरायला लोखंडी दांडा आणि पदरात बसायला दोन ओटे, एवढं तरी हवंच. त्यालाही तुम्ही “गड बिघडतो” म्हणणार असाल तर मग आपलं जमायचं नाही.

जुना_ट्रेकर_नाशिकरोड

दांडा हवा. कातळातल्या जुन्या पायऱ्यांना मात्र हात लावू नका, सिमेंट तर अजिबात नको. आमच्या ग्रुपला बोलवा, सुटलेले दगड रचायला येतो.

घाटवाट

दांडा आणि ओटे, मला मान्य. दगडी पायऱ्या किती आणि कुठे, यावर अजून भांडेन. पुढच्या सोमवतीला मी सायकल घरी ठेवून एसटीने वणीला येतो. आईंबरोबर चढेन, त्या जिथे बसतील तिथे बसेन. कुठला टप्पा अवघड आहे ते त्यांनीच दाखवावं.

बाबापूरचा

या. वणीतून सकाळी जीप मिळते. आईला सांगितलं, ती म्हणाली, “पोराला सांग, पायात चप्पल नको, बूट घाल.”