रु., ₹, स्वल्पविराम, /- या सगळ्यांना मिळून काय म्हणायचं?

जमाखर्च: एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी मराठी सूचना लिहितोय. आत्ताची सूचना आहे, 'रक्कम भरताना चिन्हे वापरू नयेत'. लोक ₹ टाळतात, पण १,२५,००० मधले स्वल्पविराम ठेवतात. एका कारकुनाचं म्हणणं, तो विराम आहे, चिन्ह नव्हे! सॉफ्टवेअर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे; तिचं फ्लोट (लिहिलेल्या मजकुराची संख्या करणारं फंक्शन) देवनागरी १२५००० बिनतक्रार घेतं, स्वल्पविराम दिसला की मात्र एरर. आणखी वाईट म्हणजे 'रु.५००'. अंक आणि टिंब ठेवून बाकी गाळलं की उरतं .५००, म्हणजे पन्नास पैसे. तेही एररशिवाय! नेमका शब्द हवाय.

शब्दवेडी: 'मांडणीचिन्हे' म्हणा. वाचायला सोय, किमतीत फरक नाही.

खडूफळा: मग दशांशचिन्ह कुठे बसवणार? ते तर किंमतच बदलतं. टिंब तेच, पण वाक्याशेवटी पूर्णविराम, 'रु' पुढे संक्षेपचिन्ह, १२.५० मध्ये दशांशचिन्ह. जर्मनीत उलटंच: टिंब हजार तोडतं आणि स्वल्पविराम दशांश दाखवतो.

घाटमाथा: कशाला नवे शब्द पाडता राव? 'फक्त आकडे टाका' लिहा, कुणालाही कळेल.

जमाखर्च: ते लिहून झालंय. लोकांनी २५०.५० चे २५०५० भरले.

शब्दवेडी: 'आकडे' म्हटल्यावर दुसरं काय होणार? अंक वेगळा, संख्या वेगळी. हा फरक सोडला की असंच होतं.

घाटमाथा: ताई, बाजारात 'संख्या किती झाली?' असं कुणी विचारतं का?

खडूफळा: २०१० पासून ₹ अधिकृत आहे, तेच वापरा. 'रु.' गेला की टिंबही गेलं.

शब्दवेडी: मुळात 'रू.' दीर्घ हवा. संस्कृत रूप्य, म्हणजे चांदी.

खडूफळा: मराठीत शब्द 'रुपया' आहे. ऱ्हस्वच.

जमाखर्च: म्हणजे गाळताना दोन्ही रूपं धरायची. पण सूचनेत लिहू काय?

घाटमाथा: आमच्या आजोबांच्या किराणा वहीत ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ साडेचार, ४॥। पावणेपाच. ना टिंब, ना स्वल्पविराम.

शब्दवेडी: आमच्याकडेही अशा वह्या आहेत! आण्यांच्या रेघा तुमच्यात आडव्या काढत की तिरप्या?