ठाकूरद्वारला तीन रात्री मुक्काम आहे, आसपास काय बघू आणि कुठे जेवू?

वऱ्हाडी_ठसका

नमस्कार मंडळी, आम्ही अकोल्याचे. आईच्या गुडघ्यांसाठी मुंबईत एका डॉक्टरांचं सेकंड ओपिनियन घ्यायचंय, एक अपॉइंटमेंट मंगळवारी सकाळी आणि मग रिपोर्ट घेऊन परत गुरुवारी, म्हणजे बुधवार पूर्ण मोकळा आणि बाकीच्या संध्याकाळी तशाही मोकळ्याच. मैत्रिणीच्या ओळखीने ठाकूरद्वार नाक्याजवळ एका गल्लीत छोटं गेस्ट हाऊस मिळालंय, खोली स्वच्छ आहे म्हणते, जेवण मात्र मिळत नाही, फक्त सकाळी चहा. बरोबर आई (वय ६८, सपाट रस्त्याने अर्धा तास चालते, जिना दिसला की तोंड वाकडं) आणि मुलगा सहावीतला, त्याला मासे खायचेत आणि समुद्र बघायचाय, बस एवढंच. आई पक्की शाकाहारी. मी दोन्हीकडची.

गेटवे, राणीची बाग हे सगळं लहानपणी ट्रिपला झालंय. त्यामुळे टॅक्सीत तासन् तास बसून लांब जायची हौस नाही, गेस्ट हाऊसच्या आसपासच काय आहे ते सांगा. आणि विदर्भ एक्सप्रेस सोमवारी सकाळी सीएसएमटीला सोडते, चेक-इन बाराला, तोवर सामान घेऊन काय करायचं तेही सांगा ना प्लीज.

मुगभाटवाला

ताई, जागा एक नंबर मिळालीये तुम्हाला, लोक फोर्टात चौपट पैसे देऊन राहतात आणि रात्री दहानंतर खिडकीतून रिकामी ऑफिसं बघतात.

आधी सामानाचं. गेस्ट हाऊसवाल्याला आदल्या दिवशी फोन करून बॅगा काउंटरमागे ठेवायला सांगा, गिरगावात कोणी नाही म्हणत नाही. सीएसएमटीवरून आता भुयारी मेट्रो आहे, अ‍ॅक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झालीये, सीएसएमटीनंतर काळबादेवी आणि त्यापुढचं गिरगाव, म्हणजे दुसरंच स्टेशन. लिफ्ट आहेत, आईंना त्रास नाही. सामान फार असेल तर सरळ काळीपिवळी करा. रिक्षा शोधत बसू नका, इकडे रिक्षाच नाहीत, बाहेरगावची माणसं स्टेशनबाहेर रिक्षाला हात करायला उभी असतात ते बघून आम्हाला वाईट वाटतं. मीटरने ३१ रुपयांपासून सुरू होतं, मीटरनेच बसा.

बॅगा टाकल्या की खाली उतरून थेट फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम, नावावरून जिम वाटेल पण मिसळीची जागा आहे. बाकी फिरायचं म्हणाल तर गिरगाव सकाळी सात ते नऊ बघावं, नंतर गाड्या आणि हॉर्न. झावबावाडीतलं राम मंदिर, फडकेवाडीचा गणपती, दोन्ही तुमच्यापासून चालत. वाड्यांमधून असंच फिरा, कांदेवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, पाट्या वाचत गेलं तरी मुलाला मजा येईल, अख्खी भाजीमंडई आहे नावांमध्ये. खाडिलकर रोडवर केशवजी नाईक चाळ लागेल, मुंबईतला सार्वजनिक गणपती १८९३ ला तिथे सुरू झाला, मूर्ती अजूनही लहानच आणतात. चाळीत माणसं राहतात एवढं लक्षात ठेवून आत जायचं, म्हणजे दोन मिनिटं चौकात उभं राहिलं तर कोणी काही म्हणत नाही, उलट एखादे आजोबा येऊन अर्धा तास माहिती देतात.

सुमेधा_के

मिसळीबद्दल एक सूचना, तुम्ही अकोल्याचे, विनयची मिसळ तुम्हाला गोडाचा शिरा वाटेल :-) आमच्या नागपूरच्या वहिनींनी पहिल्या घासाला विचारलं होतं, रस्सा कधी येणार? चव चांगली आहे पण तर्रीची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

माझं मत, आईंना प्रकाशमध्ये न्या, साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष तुमच्याकडे फारसं मिळत नाही ना? श्रीखंड आणि ताकाच्या मधलं काहीतरी, वर जायफळ-केशर, एक ग्लास प्यायला की जेवणाची गरज नाही. पणशीकरांकडेही मिळतं आणि कोणाचं चांगलं यावर गिरगावात घरं फुटलीत, मी प्रकाशवाली, आमचे हे पणशीकरवाले. दोन्ही ठिकाणी पिऊन तुम्हीच ठरवा.

आणि कोणीच खोताच्या वाडीचं बोललं नाही अजून?? सेंट तेरेसा चर्चच्या समोरच्या बाजूने आत शिरायचं. लाकडी जिने, कौलं, रंगीत बाल्कन्या, ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची जुनी घरं. दादोबा वामन खोत म्हणून पाठारे प्रभू गृहस्थ होते त्यांच्या नावाची वाडी, साठ-पासष्ट बंगले होते म्हणतात, आता निम्मेसुद्धा उरले नाहीत, एक पडतो आणि टॉवर उभा राहतो. गल्ली सपाट आहे, आई आरामात चालतील. फोटो काढा पण लोकांच्या खिडकीत कॅमेरा घालू नका, रविवारी रील बनवणाऱ्यांनी तिथल्या म्हाताऱ्यांना अगदी जेरीस आणलंय. आयडियल वेफर्समधून परतीच्या गाडीसाठी वेफर्स घ्या, ताजे तळलेले मिळाले तर पुडा अकोल्यापर्यंत पोचणार नाही.

एडिसनचा_गिरगावकर

न्यू जर्सीत बसून वाचतोय आणि पोटात कालवाकालव. खोताच्या वाडीत अनंताश्रम आहे ना अजून? मुलाला माशाचं जेवण तिथेच द्या, संगमरवरी टेबलं, बोलायचं नाही, फक्त जेवायचं.

मुगभाटवाला

अरे बाबा, अनंताश्रम बंद होऊन वर्षं झाली, तू कधी गेलास इथून? दर सहा महिन्यांनी कोणीतरी हाच प्रश्न विचारतो आणि मला परत तेच सांगावं लागतं.

चर्नीरोड_स्लो

माशांचं मी सांगतो. आता हट्टाने गिरगावातच मासे शोधण्यात अर्थ नाही. मेट्रोने हुतात्मा चौकला उतरा, तिथून फोर्टात महेश लंच होम. स्वस्त नाही, आधीच सांगतो. मुलाला सुरमई फ्राय सांगा, खेकडा मागितला तर आधी भाव विचारा, वजनावर असतो, मी एकदा एका ठिकाणी (नाव नको) न विचारता हो म्हटलं आणि बिल बघून बायको तीन स्टेशनं बोलली नाही. आईंना तिथे शाकाहारी मिळेल पण वासाचं काय ते तुम्ही बघा. माझा सल्ला, एक दुपार आईंना खोलीवर झोपू द्या आणि तुम्ही दोघंच जा.

त्याआधी किंवा नंतर जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, सहावीतल्या पोराला जुनी नाणी नि चिलखतं दोन तास पुरतात.

आईंसाठी गुजराती थाळी म्हणजे काळबादेवीचं ठाकर भोजनालय, १९४५ पासूनचं, वाढणारे थांबतच नाहीत, ताटावर आडवा हात धरावा लागतो. पण पहिल्या मजल्यावर आहे! गुडघ्याचं बघून ठरवा.

सकाळी लवकर उठत असाल तर ग्रँट रोड स्टेशनसमोर बी. मेरवान, १९१४ पासूनचा इराणी, मावा केक. नऊ वाजता जाऊन केक नाही म्हणून चिडायचं नाही, तो सकाळीच संपतो. उशीर झाला तर धोबीतलावला कयानी, तिथे बनमस्का नि चहा, ते १९०४ चं.

सुमेधा_के

जिन्यांवरून आठवलं. बाबुलनाथच्या मंदिराला लिफ्ट आहे! टेकडीवर असूनही गुडघेवाल्यांची सोय. मणिभवनला मात्र नीट विचार करून जा, गावदेवीत लॅबर्नम रोडवर, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथे उतरायचे, आणि १९३२ च्या जानेवारीत त्यांना तिथल्या गच्चीवरून अटक झाली. खाली ग्रंथालय आहे पण बघण्यासारखं सगळं वर. त्यांची खोली, चरखे, आणि छोट्या छोट्या बाहुल्यांचे देखावे, माझी मुलगी तिथून हलायला तयार नव्हती. आईंना तळमजल्यावर पुस्तकांत बसवून तुम्ही दोघं वर जाऊन या. ऑगस्ट क्रांती मैदान तिथून पाच मिनिटांवर.

मुगभाटवाला

संध्याकाळी चौपाटी, ती काय सांगायची गोष्ट आहे का, पण तरी सांगतो कारण लोक चुकीच्या टोकाला जातात. वाळूत आईंना चालवू नका, पाय रुततो. टिळकांच्या पुतळ्यापाशी टॅक्सी सोडा, १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले, त्यांचा अंत्यविधी तिथेच वाळूत झाला, म्हणून स्वराज्यभूमी म्हणतात. मग रस्त्याच्या कडेने मरीन ड्राइव्हच्या दिशेला हळूहळू, कठड्यावर बसायला जागा हवी तेवढी. भेळ खाल्ली की रस्ता ओलांडून न्यू कुल्फी सेंटर, कुल्फी कापून वजन करून देतात, तीन फ्लेवर थोडे थोडे मागा.

पोरगं फारच उड्या मारत असेल तर मलबार हिलवर कमला नेहरू पार्कच्या मागे झाडांमधून जाणारा उंचावरचा पूल झालाय, मार्च २०२५ मध्ये उघडला, ४८५ मीटर, एका ठिकाणी खाली काच आहे, तिकीट २५ रुपये, पण ऑनलाइन वेळ बुक करून जायचं, तिथे जाऊन बघू असं नाही चालत. वर गेलातच तर म्हातारीचा बूट बघून या.

आणि हो, साहित्य संघात बुधवारी नाटक लागलंय का बघा, केळेवाडीत, तुमच्या खोलीपासून चालत. अकोल्याला दौऱ्यावर येणारं नाटक इथे घरच्यासारखं बघता येतं.

वऱ्हाडी_ठसका

बाप्पा, किती लिहिलंत सगळ्यांनी! प्रिंट काढून आईच्या पर्समध्ये ठेवलीये.

*(बारा दिवसांनी)*

वऱ्हाडी_ठसका

आलो बरं का परत. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लगेच नको, व्यायाम करा, वजन कमी करा. हे ऐकून आई तिथून निघाली ती सरळ पियूष प्यायला.

मावा केक मिळाला, पावणेसातला पोचलो होतो. मिसळीबद्दल सुमेधाताई बरोबर, पण आईला आवडली, म्हणे पोटाला त्रास नाही. काळबादेवीला आई जिना चढली! स्वतःहून, आमरस असेल का विचारत. आमरस नव्हता, सीझन नव्हता ना, पण फुलके मोजले मी, सात.

मेट्रोत मात्र बुधवारी संध्याकाळी चूक झाली, हुतात्मा चौकवरून येताना उलट्या बाजूच्या गाडीत बसलो आणि कफ परेडला पोचलो, शेवटचं स्टेशन, त्याच गाडीत बसून राहावं की उतरावं यावर माझा आणि मुलाचा वाद, तो म्हणे महेशची सुरमई जिरायला वेळ हवाच होता.

नाटक नव्हतं त्या दिवशी. खोताच्या वाडीत मात्र दोनदा गेलो. दुसऱ्यांदा एका घराच्या पायरीवर आई टेकली, तर आतल्या बाईंनी खुर्ची आणून दिली आणि दोघी गुडघ्यांवर बोलत बसल्या, त्यांचेही दुखतात, पाऊण तास. मी आणि मुलगा वेफर्स संपवून आलो तरी चाललंच होतं. वेफर्सचा दुसरा पुडा घ्यावा लागला, तो बडनेरापर्यंत पुरेल असं मुलगा म्हणत होता, गाडी अकोल्यालाच उतरायची असते हे विसरून. कल्याणला संपला.

एडिसनचा_गिरगावकर

कुठल्या रंगाचं घर होतं ते, खुर्चीवालं?

वऱ्हाडी_ठसका

निळी बाल्कनी, बाहेर तुळस नाही, क्रॉस आहे छोटा, आणि दारात मांजर.

एडिसनचा_गिरगावकर

आहे म्हणजे अजून ते.